गावच्या पाण्याचा प्रश्न विधानसभेत टाकायचा असेल, तर तो लिहायचा कसा?

विचारणाऱ्या ताई मराठवाड्यातल्या एका गावच्या उपसरपंच आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जलजीवन मिशनची टाकी उभी राहिली, निम्म्या गल्ल्यांत पाइप पुरले, दारोदार तोट्याही लागल्या, पण पाणी काही येईना. कंत्राटदार फोन उचलत नाही. जिल्हा परिषदेत गेलं की ‘वरून निधी नाही’ हे ऐकून परत यायचं. आमदार म्हणाले, ‘येत्या अधिवेशनात प्रश्न टाकू, तुम्ही मसुदा करून आणा.’ मसुदा त्यांनी केलाय, मला पाठवलाय, आणि विचारलंय की यात काय बदलू, आणि मुळात अशा प्रश्नाने काही होतं का?

मी बरीच वर्षं मंत्रालयात कार्यासनावर, म्हणजे एकेका विषयाच्या फाइली हाताळणाऱ्या टेबलावर, काढली. आमदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांच्या नावाने जी उत्तरं जातात, ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक. निवृत्तीनंतर ओळखीच्या आमदारांच्या कार्यालयांना प्रश्न लिहून देतो. त्यामुळे उत्तर कसं टाळलं जातं हेही ठाऊक आहे आणि ते कसं टाळू द्यायचं नाही हेही थोडंफार कळतं.

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. होतं. पण टीव्हीवर जे दिसतं, मंत्री उभे राहिले, आमदार चिडले, विरोधक अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले, त्यात तुमच्या गावाचं फारसं काही होत नाही. तुमचं काम होतं ते त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, जेव्हा तुमचा प्रश्न मंत्रालयातून खाली उतरत तुमच्या तालुक्याच्या शाखा अभियंत्याच्या टेबलावर येऊन पडतो.

तो प्रवास असा असतो. आमदार अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, ठरलेल्या मुदतीत, विधानमंडळ सचिवालयाकडे प्रश्नाची सूचना देतात. हल्ली हे ऑनलाइन होतं. सचिवालय तो नियमांत बसतो का पाहतं, भाषा छाटतं, सारख्या प्रश्नांची मोट बांधतं आणि स्वीकृत झाला की खात्याकडे पाठवतं. खात्यात तो संबंधित कार्यासनाकडे येतो. कक्ष अधिकाऱ्याकडे त्या गावाची माहिती अर्थातच नसते. मग ‘विधिमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना मेल जातो, पाठोपाठ व्हॉट्सअॅप, पाठोपाठ फोन. सीईओंकडून ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून उपअभियंत्याकडे, तिथून शाखा अभियंत्याकडे. वर्ष-वर्ष न उघडलेली फाइल त्या दिवशी दुपारी चारच्या आत शोधली जाते. कार्यालयात ‘एलएक्यू (म्हणजे विधानसभा प्रश्न) आलाय’ एवढं म्हटलं की रजेवर गेलेला माणूसही फोनवर सापडतो. मोजमाप पुस्तिका निघते, देयकांचा हिशेब जुळवला जातो, कंत्राटदाराला बोलावणं जातं. अनेकदा दोन वर्षं रखडलेलं काम याच आठवड्यात अचानक हलतं, कारण उत्तरात ‘काम सुरू आहे’ असं लिहायचं तर निदान एक खड्डा तरी त्या तारखेला खणलेला हवा.

म्हणून प्रश्न लिहिताना मंत्री डोळ्यांपुढे ठेवू नका. शाखा अभियंता ठेवा. त्याला कोणती नोंद काढून द्यावीच लागेल, याचा विचार करून वाक्य लिहा.

आता तुमचा मसुदा. तुम्ही लिहिलंय :

‘(१) मौजे … येथील जलजीवन मिशनची योजना निकृष्ट व अर्धवट असून ग्रामस्थांचे पाण्यावाचून अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, यास जबाबदार कंत्राटदार व अधिकाऱ्यांवर शासनाने कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

साचा बरोबर आहे, छापील यादीत निम्मे प्रश्न असेच असतात. आणि माझ्यासारख्याला याचं उत्तर लिहायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरे होता : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ झालं. खोटंही नाही बरं का. ‘निकृष्ट’ असल्याचा कुठलाही तपासणी अहवाल नाही, ‘अर्धवट’ नाही तर काम ‘प्रगतीपथावर’ आहे, आणि ‘हाल’ होत नाहीत कारण टँकर सुरू आहे. एकाच वाक्यात तीन आरोप केले की त्यातला एक खोडून सगळं वाक्य खोडता येतं. फार दयाळू अधिकारी असला तर ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणेल आणि कुठला अंश ते सांगणार नाही.

विशेषणं काढा. ‘अतोनात’, ‘निकृष्ट’, ‘जाणीवपूर्वक’, ‘संगनमताने’ हे भाषणात ठेवा. नियमांप्रमाणेही प्रश्नात तर्क, आरोप, उपरोध चालत नाही, मत विचारता येत नाही, कोर्टात चालू असलेल्या गोष्टीबद्दल विचारता येत नाही. सचिवालय असे शब्द छाटतंच, आणि छाटताना कधीकधी तुमचा मुद्दाही त्याबरोबर जातो.

त्याऐवजी असं काहीतरी लिहा :

‘(१) मौजे … (ता. …, जि. …) येथील जलजीवन मिशनअंतर्गत नळपाणीपुरवठा योजनेस प्रशासकीय मान्यता व कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकास देण्यात आले, मंजूर किंमत किती आहे व काम पूर्ण करण्याची मूळ मुदत काय होती, (२) सदर योजनेवर आजअखेर किती खर्च झाला असून कंत्राटदाराची किती रकमेची देयके कोणत्या दिनांकापासून प्रलंबित आहेत, (३) सदर गाव “हर घर जल” म्हणून घोषित करण्यात आले आहे काय, असल्यास, त्याबाबतच्या ग्रामसभेच्या ठरावाचा दिनांक काय आहे व त्या दिनांकास किती नळजोडण्यांमधून प्रत्यक्ष पाणीपुरवठा होत होता, (४) योजनेच्या उद्भवाबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला कोणत्या दिनांकाचा आहे, (५) कंत्राटदारास किती वेळा मुदतवाढ देण्यात आली, दंड आकारण्यात आला आहे काय, व योजना कोणत्या दिनांकापर्यंत कार्यान्वित करण्यात येईल?’

यात ‘हे खरे आहे काय’ कुठेच नाही, त्यामुळे ‘हे खरे नाही’ म्हणायला जागा नाही. जे विचारलंय ते तारखा, रकमा, आकडे. ते सरकारी दप्तरात असतात किंवा नसतात. असले तर द्यावे लागतात. नसले तर तेच उत्तर होतं.

तिसरा भाग नीट बघा, माझ्या मते सगळ्यात जड तोच आहे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी, असं ते ध्येय. गावाला ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित करायचं तर ग्रामसभेने ठराव करावा लागतो, की सगळ्या घरांना पाणी मिळतंय. आता मिशनच्या पोर्टलवर तुमचं गाव हिरवं, म्हणजे पूर्ण झालेलं, दिसत असेल आणि तोटीला पाणी नसेल, तर दोनच शक्यता. एक, केवळ जोडण्यांच्या मोजणीवर गाव ‘पूर्ण’ दाखवलंय आणि ठराव झालेलाच नाही. दोन, ठराव झालाय, आणि ताई, तो तुमच्याच ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात आहे. प्रश्न टाकण्याआधी ग्रामसेवकाकडून प्रोसिडिंग बुक मागून ती पानं स्वतः वाचा. कारण उत्तरात खातं हा ठराव पुढे करेल आणि आमदार सभागृहात तोंडावर पडतील. ठरावावर कोणाकोणाच्या सह्या आहेत हेही आधीच पाहून ठेवा. गावात बोभाटा होईल तो होईल, पण तो अधिवेशनाच्या आधी झालेला बरा.

चौथा भागही सवयीने घालतो. टाकी आहे, पाइप आहे, पाणी नाही, अशा गावांत दोष पुष्कळदा उद्भवात, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोतात, असतो. विहीर किंवा बोअर आधी पक्कं करून मग वाहिनी टाकायची, हा क्रम कागदावर असतो, आणि जमिनीवर टाकी आधी उभी राहते कारण टाकीचं बिल मोठं निघतं. दाखला कधीचा आहे, तो कोणत्या महिन्यातल्या पाणीपातळीवर दिलाय, हे बाहेर आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पण तुमच्या गावात अडचण वीजजोडणीची असेल, पंप बसलाय आणि महावितरणचं कनेक्शन नाही, तर ते या प्रश्नात कोंबू नका. एक प्रश्न एका खात्याचा. विजेचा उल्लेख आला की ‘ही बाब ऊर्जा विभागाशी संबंधित आहे’ म्हणून प्रश्न तिकडे ढकलला जातो, तिकडून परत इकडे, आणि तेवढ्यात अधिवेशन संपतं. त्यासाठी वेगळा प्रश्न, ऊर्जामंत्र्यांना.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. एकट्या गावाचा प्रश्न तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा, म्हणून स्वीकारला जाणं कठीण. राज्यभरातून प्रश्नांचा ढीग आलेला असतो आणि ‘स्थानिक बाब’ म्हणून तो अतारांकितात जातो. म्हणून पहिला भाग तालुक्याचा करा : तालुक्यात किती योजना मंजूर, किती मुदतीत पूर्ण, किती अपूर्ण. आणि मग ‘त्यापैकी मौजे … येथील’. विषय तालुक्याचा राहतो, गाव नावानिशी आत शिरतं. शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांची नावंही त्याच प्रश्नावर घालून घ्या. प्रश्नाची वेळ आली आणि आपले आमदार नेमके सभागृहाबाहेर असले, तर दुसऱ्या कोणीतरी उभं राहायला हवं. विधान परिषदेतले एखादे ओळखीचे सदस्य असतील तर तिथेही तोच प्रश्न जाऊ द्या. विधानसभेत २८८ सदस्य, परिषदेत ७८. गर्दी तिकडे कमी.

तारांकित आणि अतारांकित यातला फरक आमदारांचे पीए सांगतीलच, तरी थोडक्यात : तारांकिताला सभागृहात तोंडी उत्तर आणि त्यावर उपप्रश्न, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. लोक तारांकिताच्या मागे लागतात. पण प्रश्नोत्तराचा तास एकच असतो, एकेका प्रश्नावर पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि छापील यादीतले पहिले काहीच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात. सभागृह गोंधळात तहकूब झालं तर तेही नाही. उरलेल्यांची उत्तरं यादीत छापलेली असतात, तीच अखेरची. तुमच्या कामासाठी मला अतारांकितही वाईट वाटत नाही. उत्तर यायला कधी महिने लागतात हे खरं, पण ते छापील असतं, मंत्र्यांच्या नावावर असतं, आणि त्यात तारीख असते. निकड असेल, म्हणजे साथ पसरली, टाकी कोसळली, तर नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना. तिच्यावर मंत्री निवेदन करतात आणि खुलासे विचारता येतात. पण अलीकडे लक्षवेधी एवढ्या लागतात की त्यातली ‘तातडी’ कुठे गेली हे अध्यक्षांनाच ठाऊक.

प्रश्न चर्चेला आलाच, तर सगळी मदार उपप्रश्नावर. इथे आमदारांचा घात त्यांचं स्वतःचं भाषणच करतं. सन्माननीय सदस्य उभे राहतात, मतदारसंघाचा इतिहास सांगतात, मायमाउल्यांच्या डोक्यावरचे हंडे सांगतात, शेवटी तीन उपप्रश्न एका दमात विचारतात. मंत्री त्यातला सोपा उचलतात आणि बसतात. मंत्र्यांच्या हातात आम्ही दिलेली पूरक टिप्पणी असते. तिच्यात संभाव्य उपप्रश्न आणि त्यांची उत्तरं तयार असतात, आणि अधिकारी सभागृहातल्या त्यांच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवायला सज्ज असतात. ‘दोषींवर कारवाई करणार का?’ याला उत्तर ठरलेलं : ‘चौकशी करून उचित कारवाई करण्यात येईल.’ ‘निधी देणार का?’ ‘सकारात्मक विचार करण्यात येईल.’ ‘बैठक लावणार का?’ ‘अधिवेशन संपायच्या आत माझ्या दालनात बैठक लावतो.’ बैठक लागतेही, चहा-बिस्किटं होतात, इतिवृत्त निघतं, आणि वर्षभराने ते इतिवृत्त जोडून नवा प्रश्न टाकावा लागतो.

म्हणून आमदारांच्या हातात एका ओळीची चिठ्ठी द्या. उत्तर काय आलंय त्यावर ती ठरवायची. समजा उत्तरात लिहिलंय की देयकं निधीअभावी प्रलंबित आहेत. मग उपप्रश्न एवढाच : ‘हे देयक कोणत्या तारखेपर्यंत अदा होईल?’ मंत्र्यांनी ‘लवकरात लवकर’ म्हटलं की त्यांनी पुन्हा उठून तेच विचारावं, ‘तारीख?’ तारीख सभागृहात उच्चारली गेली की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांचा माग ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. ती खात्याला वारंवार विचारते, सचिवांना साक्षीला बोलावते. ‘प्रयत्न करू’ हे आश्वासनात धरलं जात नाही, हे आम्हा लिहिणाऱ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. उत्तर अगदीच अपुरं असलं तर आमदारांनी अध्यक्षांना प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करावी. राखून ठेवलेला प्रश्न खात्याला फार झोंबतो, कारण तो पुन्हा येणार असतो आणि या वेळी सचिवांचं लक्ष त्यावर असतं. मंत्र्यांनी दिलेली माहिती चुकीची निघाली, तर विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाचा हक्क मोडल्याची, सूचना देता येते. त्यातून मंत्र्यांना शिक्षा होईल अशी आशा ठेवू नका, पण उत्तर दुरुस्त होतं आणि ज्याने चुकीची माहिती खालून पाठवली त्याच्या नावे नोटीस निघते.

आता पैशाचं. ‘वरून निधी नाही’ हे तुम्हाला दिलेलं उत्तर थाप असेलच असं नाही. जलजीवनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनसाठी ७०,१६३ कोटी रुपये दाखवले होते, सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात जागोजागी कंत्राटदारांची देयकं तुंबली आणि कामं थांबली. म्हणजे राज्याचे मंत्री ‘केंद्राचा हिस्सा आला नाही’ म्हणतील, आणि ते खरंही असू शकतं. त्याला उतारा दोन. एक, आमदारांनी विचारायचं की राज्याने स्वतःचा निम्मा हिस्सा किती आणि केव्हा सोडला. हा आकडा द्यायला केंद्राची वाट बघावी लागत नाही. दोन, केंद्राच्या हिश्शाचा प्रश्न खासदारांमार्फत लोकसभेत. तिथे किमान १५ दिवसांची सूचना लागते, रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत लागतात, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. राज्यनिहाय किती निधी दिला, किती खर्च झाला, असले आकडे तिथल्या उत्तरांना जोडलेल्या तक्त्यांत मुबलक मिळतात. आधी संसदेच्या संकेतस्थळावर शोधा, तुम्हाला हवा तो आकडा कुठल्यातरी राज्याच्या कुठल्यातरी खासदाराने आधीच काढून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी.

राज्याच्या बाजूला पुरवणी मागण्यांवर, म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकार मागतं त्या जादा खर्चावर, नजर ठेवा. अर्थसंकल्प मार्चचा, पण खरी वाटपाची गंमत जुलै आणि डिसेंबरमध्ये. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या. पुढच्या वर्षी पावसाळ्यात ५७,५०९ कोटींच्या. या पुस्तकांत खातेनिहाय, लेखाशीर्षनिहाय रकमा असतात. पाणीपुरवठा विभागाच्या मागणीत जलजीवनच्या राज्य हिश्शाला रक्कम आहे की नाही हे दहा मिनिटांत कळतं. असेल तर ‘निधी नाही’ हे उत्तर त्या अधिवेशनापुरतं तरी बाद. आमदार या चर्चेत दोन मिनिटं बोलू शकतात, कपात सूचनाही देऊ शकतात. कपात सूचना म्हणजे मागणीतली नाममात्र रक्कम कमी करा असं सुचवून आपलं गाऱ्हाणं मांडायचं. ती संमत होत नाही, वाचतंही फारसं कोणी नाही, पण तिच्यावर खात्याकडून लेखी उत्तर मागता येतं. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात, कोट्यवधींच्या, काही मिनिटांत. ते पाहिलं की कुणाचाही जीव उडेल.

सरकारला त्याच्याच कागदाने पकडता येतं, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण सिंचनाचं. २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात दहा वर्षांत ओलिताखालचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा छापला गेला. त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा यावर नंतर भरपूर खल झाला. पण सभागृहात आणि बाहेर जे रण माजलं, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा आणि नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका, त्याच्या मुळाशी विरोधकांनी शोधून काढलेली गुप्त फाइल नव्हती. सरकारने स्वतः छापून वाटलेलं पुस्तक होतं. तुमच्या बाबतीत ते पुस्तक म्हणजे पोर्टलवरचं गावाचं पान आणि प्रोसिडिंग बुक.

माहिती अधिकार आणि विधानसभा प्रश्न यांची जोडी लावायला शिका. २००५ च्या कायद्याच्या कलम ८ मध्येच म्हटलंय की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. अर्जात हे वाक्य लिहा, माहिती अधिकारी जरा सावरून बसतो. प्रश्न टाकण्याआधी अर्ज करून कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे आदेश, देयकांचा तपशील काढून ठेवा, म्हणजे उत्तरातली तफावत जागेवर धरता येते. आणि उत्तर पटलावर आल्यावर दुसरा अर्ज करा : ‘अमुक क्रमांकाच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी क्षेत्रीय कार्यालयाने शासनास सादर केलेल्या अहवालाची प्रत.’ हा अर्ज उत्तराच्या आधी करू नका, विशेषाधिकाराचं कारण देऊन नाकारतील आणि ते नियमाला धरूनच असेल. त्या अहवालात जे सापडतं ते छापील उत्तरात कधीच नसतं. शाखा अभियंत्याने खालून प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं की उद्भव कोरडा आहे, आणि वर चढता चढता त्याचं ‘उद्भव बळकटीकरणाची कार्यवाही सुरू आहे’ झालेलं असतं.

हे सगळं आमदारांच्या गळ्यात का पडतं, याचं एक कारण आहे. एका गावच्या नळाचा प्रश्न खरं तर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत, जलव्यवस्थापन समितीत विचारायचा. पण २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. सीईओच प्रशासक, म्हणजे ज्याने उत्तर द्यायचं तोच सभेचा अध्यक्ष. गटाचा सदस्य नाही, पंचायत समितीचा सदस्य नाही, मग गावचा माणूस थेट आमदाराच्या दारात. तुमच्याकडे सदस्य निवडून आलेले असतील तर पहिला प्रश्न तिथे टाका, त्याच्या इतिवृत्ताची प्रत विधानसभा प्रश्नाला पाया म्हणून उपयोगी पडते. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती (पीआरसी) तुमच्या जिल्ह्यात येणार असेल तर तिलाही निवेदन द्या. ‘पीआरसी येणार’ म्हटलं की जिल्हा परिषदेत लेखापरीक्षणाचे जुने मुद्दे धुऊन-पुसून ठेवायची जी धांदल उडते, ती एलएक्यूपेक्षाही मोठी.

जाता जाता एक जुनी गोष्ट. या देशात कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, आणि १८९३ मध्ये केंद्रीय कौन्सिलात उत्तरेतल्या भिनगा इथल्या राजांनी जो पहिला प्रश्न विचारला तो गावातल्या दुकानदारांबद्दल होता : दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांच्या छावण्यांना रसद पुरवताना त्यांना होणारा त्रास. तेव्हा उपप्रश्न विचारायची सोय नव्हती, ती १९०९ ला मिळाली. साहेबांनी काय उत्तर दिलं असेल याची मला चांगली कल्पना करता येते.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. तुम्ही मसुदा घेऊन फिरायला लागलात की तुम्हाला कोणीतरी भेटेल, बहुतेक दुसरा कंत्राटदार, आणि म्हणेल, ‘ताई, यात एवढं एक वाक्य घाला.’ ते वाक्य पहिल्या कंत्राटदाराविरुद्ध असेल. प्रश्न टाकायचा, समोरच्याला घाम फुटला की मागे घ्यायचा, हा धंदा करणारे सगळीकडे आहेत. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने ११ खासदारांना घरी पाठवलं, ते उगीच नाही. खालच्या कार्यालयांत तर प्रश्न वाचल्याबरोबर ‘हा कोणी टाकायला लावला’ याचीच चर्चा आधी होते. प्रश्नात कंत्राटदाराचं नाव न घालता कामाचं नाव घातलं, आणि मसुद्यासोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडला, तर ती चर्चा लवकर मिटते.

तेव्हा आता एवढं करा. प्रोसिडिंग बुक बघा, पोर्टलवरच्या गावाच्या पानाचा तारखेसह प्रिंट काढा, टाकीवर बोर्ड असेल तर त्याचा फोटो घ्या. बोर्डवर योजनेची किंमत, मुदत आणि कंत्राटदाराचं नाव असायला हवं, नसेल तर तोही एक मुद्दा. आमदारांच्या पीएंना विचारा की पाणीपुरवठा खात्याचा वार कोणता आणि प्रश्न देण्याची शेवटची तारीख काय. खाती गटागटाने वारांना वाटलेली असतात, आणि शेवटच्या दिवशी सर्व्हरवर झुंबड असते, म्हणून चार दिवस आधी द्या. प्रश्न स्वीकृत झाला की क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर आठवड्याभरात शाखा अभियंता स्वतःहून गावात येईल. आला की त्याच्याशी भांडू नका, टाकीजवळ नेऊन तोटी उघडून दाखवा आणि त्याच्या भेटीची नोंद, तारीख आणि सहीसह, ग्रामपंचायतीच्या भेटपुस्तकात करून घ्या.